पेन्शन सुरू झाली, आता पहाटे कुणासाठी उठायचं?

फौजेतली नोकरी संपवून, बेळगावच्या सेंटरमध्ये डिस्चार्जचं काम आटपून चोर्ला घाटाने मी गावी आलो, तेव्हा माझं वय ४३ होतं. वाळपईच्या स्टँडवर काळी ट्रंक उतरवली. पुढचे पंधरा दिवस सत्यनारायण, पाहुणे आणि पंगती यांत गेले. सोळाव्या दिवशी पहाटे साडेचारला सवयीने जाग आली, बुटांकडे हात गेला आणि मी तसाच खाटेच्या कडेवर बसून राहिलो. फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर व्हायची हाक, कुठेच नव्हतं. त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं माझी वाया गेली, आणि माझ्यापायी घरच्यांचीही.

सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांतून फौजेत गेलेले आणि चाळिशीच्या आसपास परतलेले अनेकजण मला भेटतात. बोलायला लागलं की प्रत्येकाची गोष्ट त्याच खाटेच्या कडेवर येऊन थांबते. त्यांच्यासाठी, आणि येत्या वर्षा-दोन वर्षांत जे ट्रंक भरणार आहेत त्यांच्यासाठी, मी काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते क्रमाने लिहितो.

त्याआधी एक सांगायला हवं. दोन वर्षं मी चुकीची वस्तू शोधत होतो. हवालदाराच्या तोडीचा हुद्दा सिव्हिलमध्ये मिळाला की जीव शांत होईल, असं मला वाटायचं. पण पलटणीत मी पहाटे उठत होतो ते फितींसाठी नाही. सेक्शनमध्ये आम्ही दहा माणसं होतो आणि मी उशीर केला तर त्यांतल्या कुणाचं तरी अडणार होतं. हुद्दा गेल्याचं दुःख असतंच, पण आपल्यावाचून आता कुणाचंच अडत नाही, हे दुखणं त्याहून खोल जातं. म्हणून आधी माणसं शोधायची. नोकरी, धंदा, बागायत हे सगळे त्या माणसांपर्यंत जायचे रस्ते आहेत.

पहिले सहा महिने: कागद पुरे करा, पैसा हलवू नका

घरी येताच डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) काढून बसा. तुमचं, पत्नीचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख हे पीपीओ, आधार आणि बँकेच्या पासबुकात अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. गोव्यात हा घोळ जास्त होतो. आपल्याकडच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या; गावकर, नाईक अशी साधी आडनावं इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतात. आज ते किरकोळ वाटतं. आपल्या माघारी पत्नीला फॅमिली पेन्शन मागायची वेळ येते, तेव्हा त्याच एका अक्षरावर फाइल अडते. फरक दिसला तर लगेच रेकॉर्ड ऑफिसला लिहा आणि दुरुस्ती करून घ्या. लग्न किंवा मुलाचा जन्म फौजेतल्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, आलाच नसेल, तर ते काम सगळ्यांत आधी.

मग पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड स्वतःसाठी, पत्नीसाठी आणि अवलंबून असलेल्यांसाठी काढा. ही योजना २००३पासून चालू आहे, तरी कार्ड न काढता खासगी दवाखान्यात पैसे भरणारे लोक मी बघितले आहेत. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर आपलं खातं स्वतः उघडता आलं पाहिजे. मुलं बारावीनंतर इंजिनिअरिंग, नर्सिंग यांसारख्या शिक्षणाला जाणार असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना ३००० रुपये, मुलांना २५००. बारावीला किमान ६० टक्के लागतात, आणि अर्जाची मुदत चुकवू नका.

आता पैसा. पेन्शनचा अर्ध्यापर्यंतचा भाग आपण एकरकमी पैशांसाठी सरकारला विकतो, त्याची रक्कम, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स आणि फंड हे सगळं एकदम हातात येतं. एवढी रक्कम आपण आयुष्यात कधी एका जागी बघितलेली नसते, आणि ती आली आहे हे गावाला आपल्याआधी कळतं. मेहुणा टेम्पो घ्यायचं म्हणतो, कुणी किनाऱ्याकडे खोल्या बांधून पर्यटकांना द्यायचं म्हणतो, कुणी महिन्याला भरघोस व्याज कबूल करतो. विकलेला पेन्शनचा भाग पूर्ववत व्हायला १५ वर्षं लागतात, हे लक्षात ठेवा. सहा महिने ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहू द्या आणि विचारणाऱ्याला सरळ सांगा, सहा महिने नाही. घराचं छप्पर गळत असेल तर ते तेवढं करून घ्या. मी चौथ्या महिन्यात एका नातेवाइकाच्या धंद्यात पैसे घातले. पैसे गेले, नातंही गेलं.

घर तुमच्यावाचून चाललं आहे

हे ऐकायला जड जातं. वीस-बावीस वर्षं सुट्टीपुरते घरी आलेलो असतो आपण. तेवढ्या काळात पत्नीने मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणं, चवथीची माटोळी, पंचायतीतले कागद, विहिरीचा पंप हे सगळं एकटीने उरकलं आहे. तिची स्वतःची शिस्त बसलेली आहे. मी आल्या आल्या मुलांना सहाला उठवून अंथरुणाच्या घड्या तपासू लागलो. आठवड्याने ती शांतपणे म्हणाली, "अहो, ही बराक नव्हे. मुलं तुमची वाट बघत होती, आता तुम्हाला चुकवत फिरतात."

तेव्हापासून जे केलं ते असं. पहिला महिना फक्त बघायचं; कुठलं काम कोण, कधी, कसं करतं, त्यात बदल सुचवायचा नाही. महिन्याने पत्नीला विचारायचं की यांतलं कुठलं काम तुला नकोसं झालं आहे, आणि ती सांगेल ते कायमचं अंगावर घ्यायचं. माझ्याकडे आईचा दवाखाना आणि बाजार आला. गॅसचा सिलिंडर संपायच्या आत दुसरा आणणं ही छोटी गोष्ट आहे, पण घरात आपल्यावर कुणी विसंबून आहे याची ती पहिली खूण होती. मुलांशी बोलायला मला फार दिवस लागले. समोरासमोर बसून जमेना; मोटारसायकलवर मागे बसवून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नेलं की मुलगा आपोआप बोलायचा.

पंधरा दिवसांची वही

आता मुख्य काम. शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवस, दर दोन तासांनी, त्या वेळात काय केलं ते एका ओळीत लिहा आणि शेजारी मन कसं होतं त्याला दहापैकी गुण द्या. जे झालं तेवढंच लिहायचं. "१० ते १२: मोबाइल, ३." "४ ते ६: शेजारच्या काकांचा पंप दुरुस्त केला, ७." सोळाव्या दिवशी सगळी पानं समोर ठेवा. सात किंवा वर गुण मिळालेल्या ओळींखाली रेघ ओढा आणि त्या प्रत्येक वेळी आपल्याबरोबर कोण होतं ते लिहा. माझ्या वहीत रेघ ओढलेल्या ओळी अकराच निघाल्या. त्यांतल्या नऊ ठिकाणी मी दुसऱ्या कुणाला काहीतरी करून देत होतो.

मग पुढच्या आठवड्याच्या पानावर त्यांतली तीन कामं दिवस आणि वेळ घालून लिहून टाका, आणि मन असो वा नसो, त्या वेळी ती करा. "बरं वाटलं की करीन" असं म्हणत बसलं की दिवस निघून जातो. करायला लागलं की मागून बरं वाटू लागतं. मनोविकाराच्या उपचारात ही मान्य पद्धत आहे, आणि तिची एक मोठी पारख आपल्या गोव्यातच झाली. 'सांगात' या संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून, नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत हेच शिकवलं. ज्यांना ते मिळालं ते जास्त प्रमाणात सावरले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. आपल्याला वहीची सवय आहे, ड्यूटी रोस्टरची सवय आहे. हे औषध आपल्या माणसाला लवकर लागू पडतं, असा माझा अनुभव आहे.

व्यायाम सोडू नका. पीटी सुटली की गुडघे, साखर आणि झोप या क्रमाने सगळं बिघडत जातं. पंचेचाळीस मिनिटं भरभर चालणं पुरे.

बाटली आणि रात्र

गोव्यात दारू स्वस्त, काजूच्या दिवसांत हुर्राक घरोघरी, आणि त्यात फौजी कॅन्टीनचा कोटा. संध्याकाळी साताला दोन पेग घेणारा माणूस वर्षभरात दुपारी सुरू करतो तेव्हा त्याला स्वतःला ते दिसत नाही. एक साधी कसोटी: महिनाभर कोटा उचलू नका. जमलं तर ठीक. जमलं नाही, हात थरथरले, झोप उडाली, तर स्वतःच्या हिकमतीवर एकदम बंद करू नका. फार पिणाऱ्याने अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. त्याच दहा केंद्रांत दारूचा त्रास असलेल्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन तपासलं गेलं आणि तेही उपयोगी ठरलं. चार भेटी म्हणजे फार मोठी मजल नाही.

रात्री पुन्हा पुन्हा तीच चकमक दिसत असेल, फटाक्यांनी अंगाला घाम फुटत असेल, घरच्यांवर हात उगारावासा वाटत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आजच्या आज बोला. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसराजवळच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. ईसीएचएसच्या डॉक्टरांकडूनही पुढे पाठवून घेता येतं. गोळी लागलेला जवान एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायला लाजत नाही. इथेही लाजायचं कारण नाही.

नोकरी बघताना

आपल्या कामाला सिव्हिलमध्ये वेगळं नाव असतं, ते शोधून अर्जात लिहायला हवं. कोत (हत्यारांचं कोठार) सांभाळला म्हणजे लाखोंच्या सरकारी मालाचा हिशेब एकही वस्तू न हरवता ठेवला. एमटीत (मोटार ट्रान्सपोर्टमध्ये) होतो म्हणजे वाहनांचा ताफा आणि त्याची देखभाल बघितली. लंगर चालवला म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण ठरल्या वेळी, ठरल्या पैशांत दिलं. वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले इथल्या कारखान्यांत स्टोअर, वाहतूक, अग्निसुरक्षा, कॅन्टीन या जागांना हेच लागतं. पेडण्याच्या बाजूच्या लोकांसाठी २०२३च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा विमानतळही आहे.

केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, तर सरकारी बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत त्याच गटात साडेचौदा टक्के जागा राखीव असतात. वयात आपली सेवा अधिक तीन वर्षं वजा होतात: ४२ वर्षांच्या माणसाची सेवा २२ वर्षं असेल तर ४२मधून २५ गेले, उरले १७. वय उलटलं म्हणून जाहिरात टाकून देऊ नका. राज्य सरकारच्या पदांचे नियम निराळे. तिथे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणी लागते. आपली वर्षं बाहेर गेलेली असल्याने मामलेदार कार्यालयात हे आधीच विचारून ठेवा.

सिक्युरिटीच्या नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिली मिळते तीच असते म्हणून घेऊ नका. बारा तास गेटवर उभं राहून वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे, यात कुणी आपल्यावर विसंबून आहे असं वाटत नाही आणि माणूस आतून वाळतो. घ्यायचीच झाली तर आठ तासांची, हाताखाली माणसं असलेली घ्या, आणि त्या मुलांना शिकवा.

आपली दहा माणसं

२०२१च्या जुलैत म्हादई फुगली आणि सत्तरीत घरं पाण्यात गेली. आमच्या वाड्यावर एक म्हातारं जोडपं माडीवर अडकलं होतं. दोर कुठल्या झाडाला बांधायचा, कोण पुढे जाईल, कोण दोर सोडेल हे मी सांगत गेलो आणि वाड्यावरची सात पोरं ऐकत गेली. संध्याकाळी चिखलाने माखून घरी आलो, जेवलो आणि कित्येक महिन्यांनी सलग सात तास झोपलो. उत्तर तिथे मिळालं. पण पूर रोज येत नाही, म्हणून पुराची वाट न बघता माणसं कशी गोळा करायची ते सांगतो. मला तीन वाटा चालताना दिसल्या.

पहिली, भरतीची तयारी करणारी पोरं. गोवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतो, आणि आपली मुलं तिथल्या गर्दीत बिचकतात. लेखी परीक्षा, मग १६०० मीटर धावणं, बीम (दांड्याला लटकून पुल-अप), नऊ फुटांचा खंदक, झिगझॅग बॅलन्स. चार पोरांपासून सुरुवात करा. मैदानासाठी पंचायतीला लेखी अर्ज द्या. पहिले सहा आठवडे वेळ मोजू नका, फक्त पल्ला वाढवा. घड्याळ लवकर आणलं की नडग्या दुखावतात आणि पोरं गळतात. पावसाळ्यात रस्त्यावर धाववू नका, शाळेचा हॉल मागून बीमसाठी दंड आणि पाठ तयार करा. फी घेऊ नका, निवडीची हमी देऊ नका. अग्निपथ आल्यापासून सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम होतात, हे पोरांना आणि त्यांच्या आईबापांना पहिल्या दिवशी सांगा. चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलाला पुन्हा आपलीच गरज लागणार आहे.

दुसरी वाट आपत्तीच्या तयारीची. मिरगाच्या आधी दोन रविवार काढून वाड्याचा नकाशा हाताने काढा: कुठला व्हाळ आधी भरतो, कुठला साकव पाण्याखाली जातो, एकटं राहणारं म्हातारं माणूस कुठल्या घरात आहे, होडी आणि दोर कुणाकडे आहे. नकाशाची एक प्रत पंचायतीत लावा. जिल्हाधिकारी कार्यालयात आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करा, तरुण पोरांची नावं घाला. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांना आगी लागल्या, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. त्यानंतर आम्ही उन्हाळ्याची यादीही वेगळी करू लागलो.

तिसरी वाट सगळ्यांत शांत आणि मला सगळ्यांत जवळची. आपल्याच तालुक्यात माजी सैनिकांच्या विधवा आहेत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. पेन्शन थांबलेली आजी बँकेत जाते, तिथून तिला दुसरीकडे पाठवतात, भाडं खर्चून ती परत येते आणि गप्प बसते. करायचं इतकंच: फोनवर जीवन प्रमाणचं अ‍ॅप घ्या, चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला घरबसल्या देता येतो. आधी आजीचा पीपीओ, आधार, बँक पासबुक आणि फोन नंबर जुळवून बघा. घरात रेंज नसेल तर तिला मोटारसायकलने डोंगराच्या कडेला, देवळापाशी, जिथे दोन कांड्या दिसतात तिथे न्या. दाखला स्वीकारला गेला का ते चार दिवसांनी पुन्हा बघा. नाकारलेला दाखला हाच बहुतेक वेळा घोटाळ्याचं मूळ असतो. ओटीपी तिच्यासमोरच टाका आणि तिचा पासवर्ड आपल्याकडे ठेवू नका. माझ्या वहीत अशा अकरा जणी आहेत. त्यांतली एक मला "सुभेदार बाबा" म्हणते. मी सुभेदार झालो नाही हे तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बागायत ही चौथी वाट म्हणता येईल, पण ती सावकाश धरायची. आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढा आणि कुळाचा, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क कुणाचा आहे ते बघा. कलमी काजू तीनेक वर्षांत धरतो, सुपारीला त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि गवे आणि माकडं मधे असतातच. जुन्या गोव्याला एला इथे उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, दक्षिणेचं मडगावला. पहिला खड्डा खणायच्या आधी तिथे जाऊन या. कुळागरात एकट्याने राबलं की मन शांत होतं खरं, पण माणसं मिळत नाहीत. म्हणून बागायतीबरोबर वरच्यातलं एक काम धराच.

नव्वद दिवस आणि चार्ज

यांतलं काहीही निवडा, पण एकच निवडा आणि नव्वद दिवस धरा. आठवड्यातले वार आणि वेळ ठरवून समोरच्यांना सांगून टाका, म्हणजे न जाणं अवघड होईल. नव्वदाव्या दिवशी वही उघडून बघा: मी गेलो नाही त्या दिवशी कुणाचा फोन आला का? आला असेल तर चालू ठेवा. कुणीच विचारलं नसेल तर ते काम आपलं नव्हतं, दुसरं घ्या. मी आधी गावातल्या मुलांना कवायत शिकवायला गेलो होतो, तिथे कुणी विचारलं नाही.

आणि सुरुवातीपासून एक बडी, म्हणजे जोडीदार, तयार करा. पलटणीत पोस्ट सोडताना हँडिंग-टेकिंग होतं, तसं इथेही. माझ्या अकरा जणींची यादी, प्रत्येकीच्या दाखल्याचा महिना, बँकेची शाखा, जवळच्या नातेवाइकाचा फोन हे सगळं एका वेगळ्या वहीत लिहून ठेवलं आहे. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फौजेच्या सिग्नल्समधून नुकताच आलेला, आमच्याच वाड्यावरचा नाईक हुद्द्याचा एक जण ती वही घेऊन गेला. तीन जणींचे दाखले त्याने भरले. परत द्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "त्या तिघी तुझ्याकडेच राहू देत." तो खुर्चीवर बसला आणि कुठल्या आजीच्या घराला जायची वाट कुठून, ते मला नीट विचारून घेऊ लागला.